लॉजवर उतरण्याची रीत

"थांबा. आधी आत कोणी जायचं नाही," असं म्हणून कुंडलिककाकांनी आमच्या खोलीच्या दारावर दोनदा टकटक केलं.

खोली रिकामी होती. किल्ली काकांच्याच हातात होती. त्यांच्या मागे मी, माझ्या एका हातात सासूबाईंचा हात आणि दुसऱ्या हातात कुकर. माझ्यामागे माझा नवरा सलिल, दोन बॅगा आणि देवांचा डबा सांभाळत.

"काका, आत कोण आहे?" सलिलने विचारलं.

"कोणी नाही. पण आपण आलोय हे खोलीला कळायला नको?"

सासूबाईंना हे पटलं. सकाळपासून त्यांना पटलेली ती पहिलीच गोष्ट होती.

आम्ही डोंबिवलीचे, आणि डोंबिवलीतच लॉजवर उतरत होतो. आमच्या इमारतीला लागून एका टॉवरसाठी भलामोठा खड्डा खणलाय. त्या बाजूचा आमचा एक खांब गुरुवारी तडकला. इंजिनियर आले, त्यांनी टॉर्च मारून पाहिलं आणि खांबाला टेकू लागून तो पक्का होईपर्यंत इथे कोणी राहायचं नाही असं सांगून गेले. बोभाटा व्हायच्या आत टॉवरवाल्याने कल्याण-शीळ रस्त्यावरच्या या लॉजमध्ये आमच्यासाठी खोल्या घेतल्या. अकरा बिऱ्हाडांपैकी पाच नातेवाइकांकडे गेली. ज्यांना जवळ नातेवाईक नव्हते, किंवा होते पण त्यांच्याकडे जायचं नव्हतं, अशी आम्ही सहा बिऱ्हाडं शुक्रवारी दुपारी एका टेम्पोत बसून इथे आलो. दहा दिवसांचा प्रश्न आहे असं सांगितलं होतं. दहा दिवस म्हणजे किती, हे डोंबिवलीकराला समजावून सांगावं लागत नाही.

कुंडलिककाका आमचे शेजारी, वय अडुसष्ट. वजनकाट्यांच्या कंपनीत ते एकतीस वर्षं मेकॅनिक होते. काटा म्हणजे वाण्याचा नव्हे. जमिनीत बसवलेला, ज्याच्यावर उसाने भरलेला अख्खा ट्रक उभा राहतो तो. साखर कारखाने, जिनिंग, सिमेंटचे प्लांट, कुठेही काटा बिघडला की काकांची बॅग निघायची. महिन्यातले वीस-बावीस दिवस ते टूरवर असत, म्हणून बिल्डिंगमध्ये त्यांना सगळे टूरवाले म्हणत. गणपतीला ते नसायचे, सोसायटीच्या मीटिंगला नसायचे. माझे सासरे गेले तेव्हा ते रायचूरला होते. तेरावं होऊन गेल्यावर आले आणि आमच्या दारात उभं राहून, "मला उशीर झाला वहिनी," एवढंच म्हणाले. रिटायर होऊन त्यांना दहा वर्षं झाली, तरी बिल्डिंगला त्यांची सवय अशी झालीच नव्हती. खरं सांगायचं तर आमचं कोणाचं त्यांच्यावाचून कधी काही अडलं नव्हतं.

त्या शुक्रवारी मात्र सगळ्यांचंच सगळं अडलं होतं.

"बॅग उघडायची नाही," काकांनी आत शिरताच सांगितलं. "बॅग उघडली की तुम्ही हरलात. मग पंखा खडखडू दे, नाहीतर नळ गळू दे, मॅनेजर खोली बदलून देत नाही. त्याला कळतं की पाहुणा आता हलत नाही."

त्यांनी पंखा लावला आणि मान वर करून, डोळे मिटून ऐकला. डॉक्टर छातीला नळी लावून ऐकतात तितक्या लक्षपूर्वक. पंखा पास झाला. मग त्यांनी गादीचा कोपरा उचलून पाहिला, उशी नाकाशी धरली, चादर खिडकीतल्या उजेडात नेऊन उलटसुलट केली. चादर नापास झाली. बाथरूममध्ये जाऊन त्यांनी पहिल्यांदा बादली नळाखाली लावली.

"आत्ता कोणाला आंघोळ नाहीये काका," मी म्हटलं.

"म्हणूनच लावायची. लॉजमधलं पाणी कधी जातं माहितेय? अंगाला साबण लागल्यावर. त्याच्या आधीही जात नाही आणि नंतरही जात नाही. बादली कायम भरलेली पाहिजे. आणि हे बघ, इथे लाल खूण गरम पाण्याची आहे, म्हणजे गरम पाणी निळ्यातून येणार."

निळा नळ सोडल्यावर खरंच दोन मिनिटांनी वाफा आल्या. सलिल त्यांच्याकडे आदराने बघायला लागला. माझा नवरा आदराने फारसा कोणाकडे बघत नाही.

पलंगाच्या डोक्याशी बटणांचा बोर्ड होता. अकरा बटणं. काकांनी एकेक दाबून पाहिलं, मग शर्टाच्या खिशातून प्लॅस्टिकची छोटी पिशवी काढली. पिशवीत टिकल्यांचं पाकीट होतं. मोठ्या, गोल, मरून रंगाच्या टिकल्या. त्यांनी एक टिकली तिसऱ्या बटणावर लावली आणि एक आठव्या.

"हा पंखा, हा लाइट. बाकीची नऊ बटणं इतिहासजमा झालीत, त्यांच्या नादी लागू नका."

"काका, तुमच्याकडे टिकल्या?" मला हसू आवरेना.

"पेनने लिहिलं तर अंधारात दिसतं का? टिकली बोटाला लागते. तीन दिवसांना एक गाव म्हणजे तीन दिवसांना एक नवा बोर्ड, सांग लक्षात कसं ठेवणार. माझा जुना फोरमन होता तो करायचा असं, त्याचं बघून मी शिकलो."

दारात मंजुळाकाकू उभ्या होत्या. काकांच्या बायको. मला वाटलं त्याही हसतील. त्या त्या टिकलीकडे बघत राहिल्या, मग वळून निघून गेल्या.

"तिला लॉज आवडत नाही," काका मला हळूच म्हणाले. "रविवारी भाऊ न्यायला येणारे तिला. टिटवाळ्याला. त्याच्याकडे पाहुणे आहेत ना, ते शनिवारी जातील. मग ती तिकडे आणि मी इथे." ते जरा थांबले. "मला वाटलेलं, राहील इथे. एवढी वर्षं मी एकटाच राहत होतो लॉजवर. एकदा तिला पण घेऊन जाऊ, एकदा घेऊन जाऊ, असं म्हणता म्हणता रिटायर झालो."

"मग सांगा ना काकूंना, राहा म्हणून."

"छे. तिला कसं सांगणार." चादर काखेत मारून ते मॅनेजरकडे निघाले.

सासूबाईंचं काय करायचं हा आमचा मोठा प्रश्न होता. माझ्या सासूबाई, रमाबाई, एकोणऐंशी वर्षांच्या आहेत. ज्या गादीवर कोण कोण झोपून गेलं त्याचा पत्ता नाही, त्या गादीवर आपण टेकणारसुद्धा नाही असं त्यांनी टेम्पोतच जाहीर केलं होतं. त्या खुर्चीच्या टोकाशी पर्स मांडीवर घेऊन बसल्या, बसमध्ये पुढच्या स्टॉपला उतरायचं असलं की बसतात तशा. दुपार गेली तरी त्या तशाच. चहा नको, पाणी नको. मी दोनदा समजावलं, सलिल एकदा ओरडला, तेव्हा त्यांचे डोळे भरून आले आणि आम्ही नाद सोडला.

साडेपाचला काका आले. त्यांच्या हातात त्यांची जुनी टूरची चादर होती, धुऊन धुऊन मऊ झालेली.

"वहिनी, देव कुठे मांडायचे ठरवलंत?"

"देव कसले मांडायचे इथे. डब्यातच राहू दे त्यांना," सासूबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज बारीक झाला होता.

"डब्यात दहा दिवस? देवांना गुदमरेल." काका खिडकीशी गेले, बाहेर डोकावले. "पूर्व ही. म्हणजे आरशाखालचं टेबल बरं. लॉजवर आधी माणसाने बस्तान बसवायचं नसतं वहिनी. आधी देव, मग पाण्याचा तांब्या, मग आपण. मी एक गणपतीचा फोटो ठेवायचो बरोबर. तो मांडला की खोली माझी. नंतर मग त्या गादीवर आधी कोण झोपलं होतं त्याचं मला काही वाटायचं नाही. घराच्या आधी तरी त्या जागेवर कोण होतं, आपल्याला कुठे माहितेय?"

सासूबाईंनी डबा उघडला. आरशाखालच्या टेबलावर त्यांनी स्वतः पेपर पसरला, त्यावर फडका, त्यावर देव. काकांनी तोवर गादी उलटी करून त्यावर आपली चादर घातली, कडा ओढून खाली दडपल्या. इतकी ताठ चादर मी माझ्या लग्नातल्या पलंगावरही घातली नव्हती. सासूबाई उठल्या, पलंगावर बसल्या आणि थोड्या वेळाने पाय वर घेतले.

"कुंडलिकराव, तुम्ही होतात म्हणून," एवढंच त्या म्हणाल्या.

काकांचे कान लाल झाले. त्यांनी सोंगटी सरकवावी तसा आमचा कुकर उगीचच इकडचा तिकडे सरकवला आणि ते बाहेर पडले. मला त्या क्षणी त्यांचे पाय धरावेसे वाटले. हे मी उगाच म्हणत नाही. घर सुटलेल्या म्हाताऱ्या माणसाला पलंगावर पाय वर घ्यायला लावणं काय असतं ते ज्याने केलंय त्यालाच कळेल. मी ते दिवसभर करू शकले नव्हते, आणि सतरा वर्षं शेजारी राहून या माणसाला आम्ही कधी चहाला धड बसवलं नव्हतं.

रात्रीपर्यंत काकांनी सहाही खोल्या अशाच लावून दिल्या. जिन्याजवळची खोली कोणी घेईना, कारण येणाजाणाऱ्याचा प्रत्येक पाय तिथे वाजतो. ती, दोनशे चार, त्यांनी स्वतः घेतली. लॉजवाल्यांचे रूमबॉय सहदेव म्हणून होते. वय वर्षं छप्पन्न, गाव मुरबाडच्या पुढे. काका त्यांना सहदेवभाऊ म्हणायला लागले, मग आम्हीही. मॅनेजरकडे तीन खेपा घालून काकांनी मंजुळाकाकूंसाठी गादी बदलून आणली, खुर्ची खिडकीशी लावली, खुर्चीवर उशी ठेवली.

"इथून समोरची भाजीवाली दिसते. तिच्याकडे अळू आहे," ते काकूंना सांगत होते. मी तेव्हा त्यांच्या दारात होते.

"दिसलं," काकू म्हणाल्या.

"रविवारपर्यंत तेवढाच टाइमपास होईल तुझा."

"होईल."

बाहेर येऊन त्या मला म्हणाल्या, "यांचं काय जातंय. लॉज म्हणजे यांचं माहेर."

शनिवारी सकाळी लॉजच्या मागच्या गॅलरीत आम्ही दोघी कपडे वाळत घालत होतो. काकांच्या एका नियमाप्रमाणे लॉजमध्ये कपडे वाळत घालायचे तर बाहेरच्या बाजूला टॉवेल आणि आतल्या बाजूला बाकीचं, म्हणजे मॅनेजरला नुसते टॉवेल दिसतात. मी तो नियम काकूंना सांगून हसत होते.

"संचिता," काकू मधेच म्हणाल्या, "त्या टिकल्या बघितल्यास ना तू?"

"हो. आमच्या सगळ्या खोल्यांमध्ये लावल्यात त्यांनी. सलिल म्हणतो घरी पण लावू."

काकूंनी हातातला परकर पिळला. पिळून झालेला होता, तरी पुन्हा पिळला.

"आमची उर्वी चौथीत होती तेव्हाची गोष्ट आहे. हे टूरवरून आलेले. मी बॅग धुवायला काढली. आतल्या कप्प्यात टिकल्यांचं पाकीट. मोठ्या, मरून. मी कधी लावली का गं तसली टिकली? मी आपली ही बारीक काळी. आणि पाकिटातल्या चार-पाच वापरलेल्या."

मी हातातला टॉवेल खाली ठेवला.

"आता तू सांग, माझ्या जागी तू असतीस तर तुला काय वाटलं असतं?"

"विचारलं नाहीत?"

"नाही विचारलं. विचारलं आणि त्यांनी सांगितलं तर? पोर चौथीत, सासू अंथरुणात. उत्तर घेऊन मी जाणार कुठे? पाकीट होतं तिथे ठेवून दिलं." त्यांनी परकर दोरीवर टाकला, टोकं जुळवली. "पण तेव्हापासून त्यांची बॅग भरायचं मी बंद केलं. त्याच्या आधी मीच भरायचे. चिवडा द्यायचे, सुपारी द्यायचे, विक्सची डबी. म्हटलं, भरणारी दुसरी असेल. हे कधी बोलले नाहीत की बॅग का नाही भरलीस. त्यांना वाटलं असेल मी कंटाळले. स्वतःच भरायला लागले."

उर्वीताई आता सदतीस वर्षांची आहे, बडोद्याला असते. मी मनात हिशेब केला. अठ्ठावीस वर्षं या बाईने एक प्रश्न पोटात ठेवला होता, आणि त्या प्रश्नाचं उत्तर पंख्याचं बटण होतं. मला हसू येत होतं आणि रडूही, पण काकूंच्या तोंडाकडे बघून मी दोन्ही गिळलं.

"मग आता सांगून टाका ना त्यांना, काकू. मन मोकळं होईल."

"काय सांगू? की तुम्ही तिकडे बटणं शोधत होतात आणि मी इथे तुमच्यावर संशय घेत होते?" त्या माझ्याकडे बघेनात. "आता तर मला टिटवाळ्याला जायलाच हवं बाई. चोवीस तास एका खोलीत त्यांच्या तोंडाकडे कशी बघू मी? घरी निदान स्वयंपाकघर तरी वेगळं असतं."

म्हणजे आधी काकू रागाने जाणार होत्या आणि आता लाजेने. काकांना यातलं काहीच माहीत नव्हतं. ते खाली मॅनेजरशी, लॉजमध्ये म्हाताऱ्या माणसांसाठी बाथरूमला धरायला दांडी का असावी यावर बोलत होते. ती दांडी दुपारी आमच्या खोलीत लागली. आम्ही अकराव्या दिवशी घरी परतलो, तेव्हा सासूबाईंनी तसलीच दांडी घरी बसवायला लावली, पण ते नंतरचं.

रविवारी दहाच्या सुमाराला काकूंचे भाऊ, रवींद्रमामा, टिटवाळ्याहून आले. मी काकूंना वाटेसाठी थालीपीठं द्यायला दोनशे चारमध्ये गेले. सासूबाईही माझ्याबरोबर आल्या. दोन दिवसांत त्यांचा लॉजमध्ये जम बसला होता आणि शेजारपाजार करायचा त्यांचा घरचा क्रम इथेही सुरू झाला होता.

पलंगावर काकूंची बॅग होती आणि काका ती भरत होते. साडीची त्यांनी घडी घातली नव्हती, घट्ट गुंडाळी केली होती. गुंडाळ्यांच्या मधल्या फटीत ब्लाउज, बाजूच्या कप्प्यात औषधांच्या पट्ट्या, प्रत्येक पट्टीला रबर.

"सकाळची पट्टी डावीकडे, रात्रीची उजवीकडे," ते सांगत होते. "आणि चष्मा सगळ्यात वर. लोक चष्मा खाली ठेवतात आणि मग तो शोधायला चष्मा लागतो. रवी, हिला रात्री पाय शेकायला गरम पाण्याची पिशवी लागते रे. ती इथे ठेवली आहे. ही स्वतः मागणार नाही."

काकू खिडकीशी खुर्चीवर बसून बॅग भरणाऱ्या त्या हातांकडे बघत होत्या. त्यांच्या मनातलं मला कळत होतं, दुसऱ्या कोणाला कळत नव्हतं.

"दाजी, तुम्ही पण चला की," रवींद्रमामा म्हणाले. "एकटे इथे काय करताय?"

"मला सवय आहे," काका हसले. "आणि ह्या सहा खोल्या कोण बघणार? बस, चहा घे." त्यांनी फोन उचलून नऊ नंबर दाबला. "सहदेवभाऊ, दोनशे चारला एक पाण्याचा जग पाठवा."

सहदेवभाऊ जग घेऊन आले. काकांनी त्यांना गावी भाताचं काय म्हणून विचारलं, ते दोन वाक्यं बोलून गेले. काकांनी पुन्हा फोन उचलला आणि पाच चहा सांगितले. चहा आले. सहदेवभाऊ खाली पोचले असतील नसतील तेवढ्यात काकांनी पुन्हा फोन उचलला.

"सहदेवभाऊ, एक बशी जास्त मिळेल का?"

रवींद्रमामांना हसू आलं. "अहो दाजी, एकदमच सांगा ना सगळं. त्या माणसाचे पाय मोडतील."

"सवय आहे रे. एकदम सांगितलं की माणूस एकदाच येतो."

"मग बरंच आहे की."

"बरं कसं? एकदाच येतो आणि मग सकाळपर्यंत कोणीच येत नाही." काकांनी हे बादलीचा नियम सांगितला होता त्याच आवाजात सांगितलं. "लॉजवर काही मागवायचं तर एकेक मागवायचं. आधी पाणी. मग अर्ध्या तासाने टॉवेल. मग साबण. खोलीतला साबण आपण बॅगेत टाकायचा आणि साबण नाही म्हणून सांगायचं."

तीन दिवस आम्ही काकांच्या नियमांना हसत होतो, म्हणून आताही हसायच्या बेतात होतो. सासूबाईंनी माझ्या हातावर हात ठेवला आणि मी थांबले.

"आपल्या घरी ते छोटे साबण यायचे ते हेच?" काकूंनी विचारलं.

"हेच. तू विचारायचीस, एवढे साबण कशाला आणता."

"आणि आलेला माणूस काय बोलायचा?"

"काय बोलणार? गाव कुठलं, जेवलास का, एवढंच. बेल्लारीला तर मला त्याची भाषा येत नव्हती आणि त्याला माझी. तो नुसता मान हलवायचा आणि ठेवून जायचा." काका बॅगेची चेन लावत होते. "पण दार वाजायचं."

चेन अर्ध्यावर अडकली. काका ती सोडवायला लागले. सहदेवभाऊ बशी घेऊन आले, त्यांनी दार वाजवलं आणि रवींद्रमामांनी उठून ती घेतली.

मंजुळाकाकू खुर्चीवरून उठल्या. पदराने त्यांनी तोंड पुसलं, घाम पुसल्यासारखं.

"रवी, तू चहा पी आणि नीघ."

"म्हणजे? आणि तू?"

"मी इथेच आहे."

"अगं ताई, तुझ्या वहिनीने तुझ्यासाठी खोली आवरून ठेवलीय तिकडे."

"तिला सांग, ताईने निरोप दिलाय की दहा दिवसांनी आम्ही दोघं येऊ. जोडीने." त्यांनी काकांच्या हातातली बॅग काढून घेतली आणि पलंगाखाली सरकवली. काका तसेच उभे, हात बॅगेच्या उंचीवर.

"अगं, पण तुला इथे आवाजाचा त्रास होईल. जिना वाजतो रात्रभर," ते म्हणाले.

"वाजू दे. तुम्ही फोन लावा."

"कशाला?"

"तुम्हाला दिवसभरात काय काय लागणार आहे ते सगळं एकदमच सांगून टाका त्यांना. आता मी आहे ना इथे."

काकांनी काकूंकडे पाहिलं. एवढी वर्षं टूर केलेला माणूस, त्याला फोनचा नऊ नंबर सापडेना. शेवटी त्यांनी तो दाबला.

"सहदेवभाऊ," ते म्हणाले, मग खाकरले. "दोनशे चार. दोन टॉवेल. साबण. एक जग पाणी. एक उशी. आणि," पुन्हा खाकरले, "आणि दुपारी दोन जेवणं. हो, दोन. नाही नाही, मागून काही नाही. सगळं आत्ताच सांगितलं."

रवींद्रमामांनी चहा एका घोटात संपवला, ताईच्या पाया पडले आणि निघाले. मी थालीपीठांचा डबा टेबलावर ठेवून दिला. काकू मला दारापर्यंत सोडायला आल्या आणि हळूच म्हणाल्या, "मला त्यांना एक सांगायचंय. बॅगेचं." मी नुसती मान हलवली.

सहदेवभाऊ वर आले तेव्हा त्यांच्या ट्रेमध्ये सगळं रचलेलं होतं आणि उशी काखेत होती. त्यांनी सामान पलंगावर ठेवलं, एकदा काकांकडे आणि एकदा काकूंकडे पाहिलं, आणि "साहेब, आणखी काही?" असं सवयीने विचारलं.

"काही नको," काका म्हणाले. "आता तुम्ही पण जरा बसा खाली जाऊन."

मी सासूबाईंना हाताला धरून बाहेर आणलं. आमच्यामागे दाराची कडी लागली. त्या दिवशी संध्याकाळपर्यंत, दुपारच्या जेवणाची दोन ताटं सोडली तर, दोनशे चारचं दार कोणी वाजवलं नाही.